जीनोमिक्स आणि आमचा धानपट्टा: नमुना आमचा, तर निष्कर्षही आम्हाला कळावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जीनोम, जनुकीय चाचणी आणि जनुक संपादन यांविषयीच्या बातम्या मराठी वृत्तपत्रांत आता वरचेवर येऊ लागल्या आहेत. कधी सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीची मोहीम असते, कधी वाघाच्या विष्ठेवरून त्याची ओळख पटवलेली असते, तर कधी धानाचा नवा वाण आलेला असतो. या सर्वांच्या मुळाशी एकच विज्ञानशाखा आहे हे बातमीतून क्वचितच कळते आणि बीटी कापूस, जीनोमचे वाचन व जनुक संपादन या तीन वेगळ्या गोष्टी एकाच गाठोड्यात बांधल्या जातात. पूर्व विदर्भात याचा परिणाम दिसतो. बोंडअळीने बीटीला दाद देणे सोडल्यापासून जनुक म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर महागडे पाकीट आणि फसवणूक एवढेच उभे राहते, आणि मग आरोग्य केंद्राचे पथक सिकलसेलसाठी रक्ताचा थेंब मागायला आले तरी ‘यातून आमचे काय काढून नेणार’ असा प्रश्न विचारला जातो. मी चंद्रपूर जिल्ह्याच्या धानपट्ट्यात कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो आणि घरची थोडी धानाची शेती आहे. हा प्रश्न मला अडाणीपणाचा वाटत नाही. त्याचे नीट उत्तर दिले गेले पाहिजे, आणि त्यासाठी आधी जीनोमिक्स म्हणजे काय हे सांगितले पाहिजे, म्हणून हे पत्र.

सजीवाच्या पेशीत असलेल्या संपूर्ण डीएनएला जीनोम म्हणतात. डीएनए ही चार रासायनिक घटकांची, म्हणजे ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन यांची, लांबच लांब माळ असते आणि या चार अक्षरांच्या क्रमातच पेशीने कोणती प्रथिने केव्हा आणि किती तयार करायची याची माहिती असते. माणसाच्या जीनोममध्ये अशी सुमारे ३०० कोटी अक्षरे आहेत, पण प्रथिने घडवण्याची माहिती असलेले तुकडे, म्हणजे जनुके, मात्र २० हजारांच्याच आसपास असून ती एकूण लांबीच्या एक-दोन टक्केच भरतात. उरलेल्या भागापैकी काही भाग जनुके चालू-बंद करण्याच्या कामी येतो. जीनोमच्या आकारावरून प्राण्याची प्रगती मोजता येत नाही, हेही जाता जाता नोंदवतो. रोजच्या पोळीच्या गव्हाचा जीनोम माणसाच्या पाचपट मोठा आहे.

आनुवंशशास्त्र हा विषय जुना आहे आणि त्यात एका वेळी एखाद्या जनुकाचा, एखाद्या गुणाचा माग काढला जातो. जीनोमिक्समध्ये संपूर्ण जीनोम वाचला जातो आणि, याहून महत्त्वाचे म्हणजे, अनेकांचे जीनोम एकमेकांशेजारी ठेवून ताडून पाहिले जातात. एका गटाचा सातबारा काढून पाहणे आणि अख्ख्या गावचा नकाशा, सगळे फेरफार व शेजारच्या शिवांच्या नोंदी एकत्र मांडून पाहणे यांत जो फरक आहे, तोच इथे आहे. एकट्या उताऱ्यावरून जे कधीच लक्षात आले नसते, ते सगळे उतारे समोर आले की दिसू लागते. कोणत्याही दोन माणसांचे जीनोम जवळजवळ सारखेच असतात, तरी प्रमाण मानलेल्या जीनोमशी तुलना केली तर प्रत्येकात ४० ते ५० लाख ठिकाणी काही ना काही वेगळे सापडते. यांतले कोणते वेगळेपण निरुपद्रवी, कोणते आजाराशी निगडित आणि कोणते आजारापासून वाचवणारे, हे एका माणसाकडे पाहून ठरवता येत नाही. त्यासाठी हजारो माणसे लागतात, आणि ती निरनिराळ्या प्रदेशांतली व समाजांतली असावी लागतात. या पत्रातले बाकीचे सगळे म्हणणे याच मुद्द्यावर उभे आहे.

डीएनएची रचना १९५३ मध्ये उलगडली आणि अक्षरांचा क्रम वाचण्याची व्यवहार्य पद्धत फ्रेडरिक सँगर यांनी १९७७ मध्ये दिली. मानवी जीनोम प्रकल्प १९९० मध्ये सुरू झाला, २००० मध्ये कच्चा आराखडा जाहीर झाला आणि एप्रिल २००३ मध्ये काम पूर्ण झाल्याचे सांगण्यात आले, तरी वाचायला अवघड असा सुमारे आठ टक्के भाग शिल्लक होता आणि तो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पहिल्या वाचनाला सुमारे २७० कोटी डॉलर लागले होते. आज एका माणसाचा जीनोम काही शे डॉलरमध्ये वाचता येतो. खर्चातल्या या घसरणीमुळेच हे तंत्र श्रीमंत देशांच्या प्रयोगशाळांतून धानाच्या बांधीपर्यंत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत आले आहे.

आधी धानाचेच पाहू, कारण आमचे अर्थकारण त्यावर चालते. धानाचा जीनोम सुमारे ३९ कोटी अक्षरांचा, म्हणजे प्रमुख तृणधान्यांत बराच आटोपशीर आहे. जपानच्या पुढाकाराने अनेक देशांनी मिळून तो वाचला आणि २००५ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात अकराव्या गुणसूत्राच्या एका भागाची जबाबदारी भारतीय शास्त्रज्ञांनी उचलली होती. पुढे जगभरातील ३,०१० धानवाणांचे जीनोम वाचून झाले. याचा शेतकऱ्याला काय उपयोग, असे कोणीही विचारील. ओडिशात एफआर १३ए नावाचा एक जुना स्थानिक वाण होता. तो दिसायला साधा आणि उत्पन्नाला बेताचा, पण पुराच्या पाण्याखाली दोन आठवडे राहूनही पुन्हा तगणारा होता. त्याच्या या चिवटपणामागचे सब१ए हे जनुक २००६ मध्ये नेमके सापडले. एकदा जनुकाची जागा कळली की त्या जागेची खूण पाहून रोपे निवडता येतात. सुवर्णा या लोकप्रिय वाणाशी संकर करायचा, कोवळ्या रोपाच्या पानाचा तुकडा तपासायचा, खूण असेल ते रोप ठेवायचे आणि नसेल ते उपटून टाकायचे, असे काही पिढ्या केले की पुरात तगणारी सुवर्णा हाती येते. ती स्वर्णा-सब१ या नावाने २००९ मध्ये भारतात प्रसारित झाली. वैनगंगेचे पाणी ऑगस्टमध्ये बांध्यांत चढून दिवसेंदिवस उतरत नाही, तेव्हा अशा गुणाची किंमत काय असते हे ब्रह्मपुरी, वडसा, पवनीकडच्या शेतकऱ्याला निराळे सांगावे लागत नाही.

कडाकरप्याची गोष्ट अशीच आहे. या जिवाणूजन्य रोगाला रोखणारी तीन जनुके, त्यांतले एक आफ्रिकेतील रानटी धानातून आलेले, सांबा मसुरीत उतरवून हैदराबादच्या सीसीएमबी (पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्र) आणि भात संशोधन संचालनालयाने सुधारित सांबा मसुरी हा वाण २००८ मध्ये दिला. एकाच वाणात रोगप्रतिकाराची तीन जनुके आहेत की एकच, हे शेतात उभे राहून डोळ्यांनी कळत नाही, कारण रोप दोन्ही वेळा सारखेच निरोगी दिसते. इथे खुणांच्या मदतीने केलेल्या निवडीला पर्याय नव्हता. या दोन्ही उदाहरणांत धानात धानाचेच जनुक संकराने आले आहे, त्यांत प्रयोगशाळेत जोडलेले परके जनुक नाही.

आता तिन्ही गोष्टी वेगळ्या करून सांगता येतील. बीटी कापसात, ज्याला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली, जमिनीतील एका जिवाणूचे जनुक कापसाच्या जीनोममध्ये बाहेरून घातलेले असते. जनुक संपादनात बाहेरचे काही न ठेवता पिकाच्या स्वतःच्याच जनुकातील एखादे अक्षर किंवा छोटा तुकडा बदलला जातो. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जाहीर केलेले डीआरआर धान १०० आणि पुसा डीएसटी राइस १ हे दोन वाण या प्रकारचे आहेत, आणि त्यांतला दुसरा वाण आमच्याकडे नुसता ‘१०१०’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या एमटीयू १०१० पासून केलेला आहे. जीनोमिक्स मात्र मुळात वाचन आणि तुलना आहे, त्यात सजीवात कोणताही बदल केला जात नाही. वाचलेल्या माहितीचा उपयोग पुढे कोणी संकरासाठी करील, कोणी संपादनासाठी करील आणि कोणी नुसते रोगाचे निदान करील. बीटीच्या धोरणावर टीका असणाऱ्याने ती जरूर करावी, माझीही आहे. पण त्या रागात वाचनालाच नकार देणे म्हणजे शेंदरी बोंडअळीने प्रतिकारशक्ती कशी मिळवली याचाही शोध थांबवणे होय. भारतातील शेंदरी बोंडअळीच्या कॅडेरिन नावाच्या जनुकात झालेले नानाविध बदल तिला बीटीच्या पहिल्या विषापासून वाचवतात, हे अळ्यांच्या जनुकांचा क्रम वाचल्यामुळेच समजले.

धानाचा विषय सोडण्यापूर्वी नागभीड तालुक्यातील नांदेड या गावच्या दादाजी खोब्रागडे यांचे स्मरण करणे मला आवश्यक वाटते. १९८३ च्या सुमारास पटेल-३ या वाणाच्या बांधीत त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे निवडत नेल्या आणि त्यातून एचएमटी हा बारीक तांदळाचा वाण उभा राहिला. हा तांदूळ विदर्भाबाहेरही गेला, पण श्रेयासाठी आणि उपजीविकेसाठी त्यांना २०१८ मध्ये निधन होईपर्यंत झगडावे लागले. आज एखाद्या वाणाची वंशावळ डीएनएवरून ताडून पाहणे हे सामान्य काम झाले आहे आणि कोणता वाण कोणापासून निघाला याचा पुरावा त्यातून मिळू शकतो. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ हा शेतकऱ्याच्या वाणाची नोंदणी मान्य करतो. वाण जपणाऱ्या शेतकऱ्यांना आणि गावांना त्याच कायद्याखालच्या प्राधिकरणाकडून जीनोम रक्षक म्हणून पुरस्कारही दिले जातात. पुरस्कार चांगलाच आहे. माझे म्हणणे इतकेच की झाडीपट्टीतले, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातले, जे जुने वाण अजून कोणाच्या ना कोणाच्या कणगीत उरले आहेत, त्यांचे नमुने घेताना शेतकऱ्याचे नाव नोंदले जावे आणि क्रमनिर्धारणातून, म्हणजे डीएनएची अक्षरे वाचून, जे निघेल ते त्याला कळवले जावे.

माणसांच्या बाबतीत आमच्या भागात जीनोमिक्सची चर्चा सिकलसेलपासूनच सुरू करावी लागते. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, नागपूर आणि तिकडे मेळघाट, या सर्व पट्ट्यात हा आजार घराघरांत माहीत आहे. अकराव्या गुणसूत्रावरील हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एका जागी ‘ए’ ऐवजी ‘टी’ हे अक्षर येते, त्यामुळे प्रथिनाच्या सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते आणि प्राणवायू कमी झाला की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. हे ज्ञान नवे नाही. लायनस पॉलिंग यांनी १९४९ मध्येच याला रेणूचा आजार म्हटले होते आणि प्रथिनातील नेमका बदलही १९५० च्या दशकात सापडला होता. मग संपूर्ण जीनोम वाचून यात नवे काय कळले, असा प्रश्न माझे विद्यार्थी विचारतात आणि तो रास्त आहे.

त्याचे उत्तर असे, की ज्यांच्यात बदललेले अक्षर तंतोतंत सारखे आहे अशा दोन रुग्णांचा त्रास सारखा नसतो. एकाला वर्षातून अनेकदा रुग्णालयात न्यावे लागते, तर दुसरा रोवणीही करतो. गर्भात असताना बाळाचे हिमोग्लोबिन निराळ्या प्रकारचे असते, जन्मानंतर काही महिन्यांत ते कमी होत जाते आणि म्हणूनच सिकलसेलचा त्रास साधारण सहा महिन्यांनंतर सुरू होतो. काही माणसांत मात्र हे गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकून राहते आणि त्यांना आजार सौम्य जातो. ते का टिकते, हे शोधण्यासाठी पुष्कळ लोकांचे जीनोम आरपार ताडून पाहण्यात आले, तेव्हा २००७-०८ च्या सुमारास दुसऱ्या गुणसूत्रावरील बीसीएल११ए या जनुकाकडे बोट दाखवले गेले. हिमोग्लोबिनशी त्याचा संबंध असेल असे त्यापूर्वी कोणाच्या मनातही नव्हते. एकेक जनुक तपासत बसले असते तर ते सापडायला किती काळ लागला असता, कोणास ठाऊक. हे जनुक गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनला लगाम घालते. तो लगाम रक्त तयार करणाऱ्या पेशींत सैल केला तर आजार आटोक्यात येतो, या तत्त्वावर आधारलेल्या जनुक संपादनाच्या उपचाराला २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनमध्ये आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली.

अमेरिकेत या उपचाराची जाहीर किंमत २२ लाख डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे १८ कोटी रुपये आहे, आणि त्याआधी अस्थिमज्जा रिकामी करणारी कडक औषधे घ्यावी लागतात. दिल्लीच्या इन्स्टिट्यूट ऑफ जिनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायॉलॉजी या संस्थेत स्वदेशी आणि स्वस्त उपचारासाठी काम चालू आहे. त्याला यश येवो, पण तोवर आमच्या गावांतल्या रुग्णांना त्रास कमी करणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या खंड न पडता मिळणे आणि प्रत्येक वाहकाला, म्हणजे ज्याच्यात हे बदललेले जनुक आईवडिलांपैकी एकाकडूनच आले आहे त्याला, आपण वाहक आहोत हे माहीत असणे या दोन साध्या गोष्टींनी अधिक जीव वाचतील. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळ सिकलसेलग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्णपणे मुक्त असण्याची २५ टक्के असते. ‘प्रत्येक गर्भारपणात’ यावर मी वर्गात मुद्दाम जोर देतो, कारण पहिले मूल ग्रस्त झाले म्हणजे पुढची तीन सुरक्षित, असा हिशेब मांडणारे पालक भेटतात. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथून सुरू झाली, तिच्यात शून्य ते चाळीस वयोगटातील सात कोटी लोकांची तपासणी ठरली आहे आणि तपासलेल्यांना जनुकीय स्थितीचे कार्ड दिले जाते. मात्र कार्ड हातात ठेवून पथक पुढच्या गावाला निघून गेले, तर ते कार्ड सोयरिकीच्या वेळी मुलीच्याच विरुद्ध वापरले जाते, मुलाचे कार्ड कोणी मागत नाही, हे कटू असले तरी खरे आहे. वाहक असणे हा आजार नाही, हे वाक्य कार्डाइतकेच ठळकपणे गावात पोहोचले पाहिजे.

भारतातील सिकलसेलच्या अनेक रुग्णांत या जनुकाच्या आजूबाजूची अक्षरे आफ्रिकेतील रुग्णांपेक्षा वेगळ्या क्रमाची आढळतात. त्या क्रमाला अरब-भारतीय प्रकार म्हणतात आणि त्याच्यासोबत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन अधिक टिकते. परदेशातील रुग्णांवरून काढलेले अंदाज म्हणूनच इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. हे केवळ सिकलसेलपुरते नाही. जगातील बहुतांश जीनोम माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे, आणि आपल्याकडे शेकडो समाज पिढ्यान्‌पिढ्या आपापसातच लग्ने करत आल्याने प्रत्येकाच्या वाट्याला आपापले दुर्मीळ बदल आले आहेत. हृदयाच्या स्नायूच्या एका जनुकातील २५ अक्षरे गळालेला बदल दक्षिण आशियातील सुमारे चार टक्के लोकांत आढळतो, हे २००९ मध्ये भारतीय संशोधकांच्या पुढाकाराने समोर आले. केवळ युरोपातल्या माहितीवर विसंबून तो दिसला नसता. भूल देताना वापरल्या जाणाऱ्या एका औषधाने दक्षिणेतील एका समाजातील काही लोकांचे स्नायू बराच वेळ शिथिल राहतात, तेही अशाच एका बदलामुळे. जीनोम इंडिया हा प्रकल्प २०२० मध्ये सुरू झाला, वीस संस्थांनी मिळून देशभरातील आदिवासी व बिगर-आदिवासी समाजांतील सुमारे १०,००० व्यक्तींचे जीनोम वाचले आणि ही माहिती जानेवारी २०२५ मध्ये फरिदाबादच्या भारतीय जैविक माहिती केंद्रातून संशोधकांना खुली झाली. दीडशे कोटींच्या घरातल्या देशासाठी दहा हजार हा आकडा लहान वाटतो. पण काहीच नव्हते तिथे हा पाया आहे, असे माझे मत आहे.

संसर्गजन्य रोगांत तर जीनोमिक्सचा उपयोग आपण अनुभवलाच आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळकडे कोरोना अचानक उसळला तेव्हा कारण कोणालाच उमगत नव्हते. मार्चमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने महाराष्ट्रातील नमुन्यांत विषाणूचे दोन विशिष्ट बदल एकत्र सापडल्याचे सांगितले, आणि त्याच कुळातील एका उपप्रकाराला मे अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने डेल्टा हे नाव दिले. नमुने अधिक संख्येने आणि अधिक लवकर वाचले गेले असते तर काही आठवड्यांची उसंत मिळाली असती, असे मला वाटते. क्षयरोगाच्या जंतूचा ४४ लाख अक्षरांचा जीनोम १९९८ मध्ये वाचला गेला, आणि आज जिल्हा-तालुका पातळीवर असलेले सीबीनॅट यंत्र सुमारे दोन तासांत बेडक्यातील जंतू रिफाम्पिसिन या क्षयरोगावरील औषधाला दाद देईल की नाही हे सांगते, ते त्या जंतूच्या एका जनुकातील बदल पाहूनच. गडचिरोलीच्या हिवतापातही जनुकांचा संबंध येतो. जी-६-पीडी हे विकर कमी असणाऱ्या रुग्णाला व्हायवॅक्स हिवतापासाठीचे प्रायमाक्विन दिले तर त्याच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. ही कमतरता एक्स गुणसूत्रावरील जनुकातील बदलाने येते, त्यामुळे पुरुषांत अधिक आढळते.

वाघांबद्दल थोडक्यात लिहितो, कारण त्यावर आपल्या दैनिकात पुष्कळ छापून येते. विष्ठेतील किंवा केसातील डीएनएवरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखता येतो. सातपुडा-मैकल भागातील मेळघाट, पेंच, कान्हा आणि सातपुडा येथील वाघांच्या अशा अभ्यासातून दोन जंगलांना जोडणारे पट्टे असले तर वाघांची जनुके एकीकडून दुसरीकडे जात राहतात, हे २०१३ मध्ये दाखवले गेले. हे पट्टे तुटले की काय होते, याचे उदाहरण ओडिशातील सिमलीपालमध्ये आहे. तेथील एकाकी पडलेल्या मोजक्या वाघांत एका जनुकातील बदलामुळे अंगावरचे पट्टे एकमेकांत मिसळून काळसर दिसणाऱ्या वाघांचे प्रमाण फार वाढले. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीडच्या लोकांना वाघाचा त्रास आहे आणि तो जीवघेणा आहे, हे मी इथे राहून नाकारणार नाही. पण माणूस मारणारा वाघ नेमका कोणता हे जखमेवरच्या लाळेतून निश्चित करता येत असताना, भलताच वाघ पकडून नेण्याने त्रास संपत नाही, एवढेच म्हणायचे आहे.

आता मर्यादा. मधुमेह, रक्तदाब, उंची, बुद्धी यांवर शेकडो-हजारो जनुकांचा थोडा थोडा प्रभाव असतो आणि त्यात आहार, श्रम, शिक्षण, दारिद्र्य मिसळलेले असते. ‘मुलाच्या थुंकीवरून त्याचे करिअर सांगतो’ अशा जाहिराती आता मोबाइलवर दिसतात. त्यांना कुंडलीइतकेच महत्त्व द्यावे. गर्भलिंग तपासणी १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि जनुकीय चाचणीच्या नावाखालीही ती गुन्हाच राहते.

याहून गंभीर प्रश्न संमतीचा आहे. अमेरिकेत ग्रँड कॅन्यनजवळ राहणाऱ्या हवासुपाय या आदिवासी जमातीने १९९० च्या दशकात मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून रक्त दिले. पुढे तेच नमुने मानसिक आजार आणि जमातीच्या स्थलांतराच्या इतिहासाच्या अभ्यासासाठीही वापरले गेल्याचे त्यांना कळले. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये ॲरिझोना राज्य विद्यापीठाने तडजोड करून भरपाई दिली व उरलेले नमुने परत केले. आमच्याकडे माडिया गोंड आणि कोलाम या विशेष असुरक्षित गटांत मोडणाऱ्या जमाती आहेत. संशोधकांना त्यांच्या जीनोममध्ये रस असणे स्वाभाविक आहे. पण इंग्रजी किंवा प्रमाण मराठीतल्या छापील कागदावर अंगठा घेतला म्हणजे संमती झाली, असे मानता येणार नाही. ती गोंडीत, माडियात, कोलामीत समजावून, शक्यतो ग्रामसभेसमोर घेतली पाहिजे, आणि नमुन्याचा दुसरा उपयोग करायचा असेल तर पुन्हा विचारले पाहिजे. देशाच्या २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात जनुकीय माहितीसाठी वेगळा, अधिक कडक वर्ग नाही. ही उणीव विमा आणि नोकरीच्या संदर्भात उद्या जाचक ठरू शकते.

आमच्या भागातून रक्त जाते, धानाचे बी जाते, वाघाची विष्ठा जाते, बेडका जातो. हैदराबाद, पुणे, दिल्ली, बेंगळुरू येथे त्यांचे वाचन होते, उत्तम इंग्रजीत निबंध निघतात, आणि ज्यांच्याकडून नमुना गेला त्या गावात पुढे काहीच येत नाही. ‘यातून आमचे काय काढून नेणार’ हा प्रश्न तिथूनच उपजतो. बारावीच्या जीवशास्त्रात जीनोमिक्सचा छोटा भाग आहे, तोही विज्ञान शाखेत इंग्रजीतून शिकवला जातो, त्यामुळे ज्या मुलाच्या घरी सिकलसेलचे कार्ड असते तोच मुलगा घरी आजीला ते समजावून सांगू शकत नाही. यासाठी अवाढव्य योजना नको. सिकलसेल तपासणी झालेल्या प्रत्येक गावात त्या गावचे एकूण निष्कर्ष, कोणाचेही नाव उघड न करता, ग्रामपंचायतीला मराठीत आणि जिथे लागू तिथे गोंडीत लेखी दिले जावेत. कार्ड देताना समुपदेशकाने मुलाच्या आणि मुलीच्या, दोन्ही घरच्यांशी बोलावे. सिंदेवाही आणि साकोली येथील धान संशोधन केंद्रांनी स्थानिक वाणांच्या नमुन्यांवर काय काम झाले याची मराठी टिपणे दरवर्षी काढावीत. क्रमनिर्धारणाची क्षमता नागपुरात आणि गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात इतकी असावी, की साथीच्या वेळी नमुना पुण्याला पाठवून उत्तराची वाट पाहत बसावे लागू नये.

आपल्या दैनिकाकडेही एक विनंती आहे. यापुढे अशी बातमी छापताना त्यात वाचन आहे, संकर आहे की संपादन आहे, नमुने कोणत्या जिल्ह्यातून घेतले गेले आणि ज्यांच्याकडून ते घेतले त्यांना निष्कर्ष कळवले गेले का, एवढी माहिती वार्ताहराने विचारून घ्यावी आणि ती मिळाली नाही तर तसेही छापावे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
कनिष्ठ महाविद्यालयातील जीवशास्त्राचा एक शिक्षक,
तालुका सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर